बसून ऐकलेला क्लॅरिनेट

बारात आली की आमच्या बिल्डिंगमधले सगळे बाल्कनीत धावायचे ते घोडीवरचा नवरामुलगा बघायला. मी धावायचे बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्यासाठी. करोल बागेत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. वडील सरकारी नोकरीत, मी पहाडगंजच्या मराठी शाळेत, आणि लग्नसराई सुरू झाली की दर संध्याकाळी खालून एखादी बारात जायचीच. पाढे अर्धवट टाकून मी कठड्याला लोंबकळायचे आणि आई मागून फ्रॉक घट्ट धरून उभी राहायची.

तो तेव्हा पंचविशीचा असेल. सावळा, किडकिडीत, लाल कोट खांद्यावर ढगळ, आणि वाजवताना डावा खांदा किंचित वर. बाकीचे वाजंत्री जीव तोडून फुंकत असायचे. हा मात्र क्लॅरिनेटमधून गायचा, असं माझं आठव्या वर्षी मत झालं होतं आणि ते मी अजून बदललेलं नाही.

त्यातही माझा जीव एका चालीवर होता. बारातीत नाचायची गाणी ठरलेली असत. पण मध्येच घोडी अडायची, नाहीतर कुणी फूफाजी, म्हणजे नवऱ्यामुलाच्या आत्याचे यजमान, रुसून बसायचे, आणि सगळा ताफा थांबायचा. नाचणारे घाम पुसायचे, ढोलवाले दोऱ्या आवळायचे. तेवढ्या रिकाम्या वेळात हा एकटाच काहीतरी संथ वाजवायचा. ते सिनेमातलं नव्हतं. रेडिओला कान लावून मी महिनोन्महिने वाट पाहिली, कधी लागलं नाही. त्याचं स्वतःचंच होतं ते. चाल हळूहळू वर चढायची, चढत चढत अगदी टोकाला पोचायची, आणि तेवढ्यात घोडी हलायची. ढोल सुरू, की चाल बुडाली. चढलेली चाल खाली कशी उतरते, ते मला कधीच ऐकायला मिळालं नाही.

एकदा न राहवून मी जिना उतरून बारातीमागे थेट दुसऱ्या चौकापर्यंत गेले. चाल मिळाली नाही, आईची चपराक मिळाली. "लोकांच्या लग्नात बोलावल्याशिवाय नाचत जातात का गं?" मी नाचत नव्हते, ऐकत होते, हे तिला काही केल्या पटेना. तिचंही चूक नव्हतं. बँड ऐकतं कोण?

पुढे शिकले, नोकरी लागली, लग्न होऊन नोएडाला आले. मोठमोठ्या गवयांच्या मैफली ऐकल्या, त्यांची कौतुकंही केली. पण त्या चालीचा शेवट काही डोक्यातून जाईना. भांडी विसळताना, ऑफिसच्या कंटाळवाण्या मीटिंगमध्ये मी मनातल्या मनात तिला वेगवेगळे शेवट लावून बघितले. वीसेक तरी असतील. एकही बसला नाही. घरात सगळे मला "तुझा क्लॅरिनेटवाला" म्हणून चिडवायचे. मी ती गोष्ट कधीच थट्टेवारी नेली नाही.

गेल्या मार्गशीर्षात लेकीचं लग्न ठरलं. जावई पुण्याचा, इथेच नोएडात नोकरीला. व्याही गाण्यातले दर्दी. स्वतः गात नाहीत, पण बाकीच्यांनी कसं गावं ते त्यांना नेमकं ठाऊक असतं. मुहूर्त अकरा सदतीसचा निघाला. फोनवर व्याही म्हणाले, "सनईची एखादी चांगली रेकॉर्ड लावून देऊ."

"सनई नको," मी म्हटलं. "मी बँड सांगणार आहे. बँड म्हणजे एकच माणूस."

व्याही हसत म्हणाले, "दिल्लीत राहून तुम्ही अगदी पंजाबी झालात हो वहिनी!"

मला राग आला, आणि राग आला की मी हट्टाला पेटते. तोवर तो माणूस जिवंत आहे की नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मेट्रो पकडून करोल बाग गाठली. तिथल्या बँडवाल्यांच्या दुकानांतून चौकशी करत चौथ्या दुकानात शिरले, तर मागच्या बाजूला एक म्हातारा क्लॅरिनेटची भोकं झाकणाऱ्या किल्ल्यांना नव्या गाद्या चिकटवत बसला होता. केस पांढरे, चष्मा जाड, पण डावा खांदा किंचित वर. मी ओळखलंच. गुडघे गेल्यापासून ते बारातीत जात नव्हते. डीजेच्या गाड्या आल्यावर कुणी बोलावतही नव्हतं, म्हणाले.

"मास्टरजी," मी म्हटलं, "घोडी रुकती थी तब आप अकेले जो बजाते थे, वो मुझे पूरा सुनना है."

हातातली गादी खाली ठेवून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "वो? वो तो ऐसे ही था. घोडी चलने तक का."

"पर उसका अंत कैसे होता है?"

"अंत?" ते हसले. "बेटा, घोडी चल पडती थी. अंत तक तो हम भी कभी नहीं पहुँचे."

पन्नास वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते अस्तित्वातच नव्हतं. दुसरं कुणी असतं तर नमस्कार करून परत फिरलं असतं. मला मात्र त्या माणसाची भयंकर दया आली, आणि स्वतःचीही. एवढं सुंदर काही हातात असून बिचाऱ्याला आयुष्यभर कुणी दोन मिनिटं जास्त दिली नव्हती.

"तो अब पहुँचिए," मी म्हटलं. "मेरी बेटी की शादी में, बैठकर. हमारे यहाँ घोडी नहीं होती."

"बैठकर?" ते दचकले. "बैठकर तो हम सिर्फ चाय पीते हैं."

पण कबूल झाले.

आता खरा शत्रू उरला होता तो जेवण. मराठी लग्नात शेवटच्या अक्षता डोक्यावर पडायच्या आधीच लोक ताटांच्या दिशेने सरकू लागतात. आधी पोटोबा, मग विठोबा, आणि विठोबाचंही जिथे काही चालत नाही तिथे क्लॅरिनेटवाल्याला कोण विचारतो? मी केटररला परस्पर सांगून टाकलं, अक्षता पडल्यावर अर्धा तास झाकणं उघडायची नाहीत. नवऱ्याला हे लग्नाच्या सकाळी कळलं.

"अगं, लोक शिव्या घालतील!"

"घालू देत. उपाशीपोटी कान जास्त उघडे असतात."

"आई, रिलॅक्स यार," मुंडावळ्या बांधून घेता घेता लेक म्हणाली. "बिल्कुल मस्त होईल." तिच्या बापापेक्षा तिला माझी जास्त खात्री होती.

साध्या कपड्यांत या म्हणून सांगितलं होतं, तरी मास्टरजी नऊ वाजता पूर्ण वर्दीत हजर. लाल कोट, सोनेरी झालरी, टोपीवर तुरा. दिवसाउजेडी तो कोट मी पहिल्यांदाच बघत होते. कोपरावर रफू केलेला होता, पण इस्त्री कडक. पुण्याच्या पाहुण्यांत खसखस पिकली. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ती तिथेच थांबली.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या. मी स्टेजवर जाऊन सांगितलं की जेवणाला अर्धा तास आहे आणि तोवर मास्टरजी वाजवणार आहेत. हॉलभर कुरकुर. मास्टरजी खुर्चीत बसले. पाय जमिनीवर आपोआप चालू लागले, ते त्यांनी आवरले, आणि फुंक मारली. क्लॅरिनेट किंचाळला. पुन्हा फुंकलं, तर दम मध्येच तुटला. मागे कुणीतरी हसलं. मी या म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत हसं करून घ्यायला आणलं होतं, माझ्या हौसेपायी.

"पैदल ही ठीक था, बेटा," ते हळूच म्हणाले आणि उठू लागले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून व्याही उठले. मला वाटलं, चालले जेवायला. ते सरळ स्टेजवर आले, क्लॅरिनेटच्या तोंडाशी ठेवलेला माइक त्यांनी उचलून मधल्या भोकांसमोर नेला, मास्टरजींना पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाले, "आराम से. कोई जल्दी नहीं है." मग परत खुर्चीत न जाता तिथेच खाली मांडी घालून बसले. पुण्याच्या माणसांविषयी मी आजवर जे जे बोलले, त्यातलं निम्मं त्या क्षणी मागे घेतलं.

मास्टरजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरू केलं. अगदी खालून, हलक्या दमात. तीच चाल. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ती एकेक पायरी चढत गेली, आणि हॉलमधली कुजबुज एकेक करून गळत गेली. ती टोकाला पोचली, नेहमी तुटायची त्या जागी, आणि तिथे मास्टरजींनी डोळे उघडून बाजूला पाहिलं. पन्नास वर्षांची सवय. आता ढोल वाजणार.

ढोल वाजला नाही. त्यांनी तो स्वर धरून ठेवला, दम पुरेल तितका, आणि मग ते उतरू लागले. माझ्या वीस शेवटांपैकी एकही त्याच्या जवळपास नव्हता. मी तो लवकर खाली आणायचे. हे मात्र अर्ध्यावर थांबले, पुन्हा थोडं वर गेले, जणू निघताना काही विसरलंय का ते बघून आले, आणि सावकाश, एकही पायरी न गाळता, जिथून निघाले होते तिथे येऊन टेकले. शेवटचा स्वर इतका बारीक होता की स्वयंपाकघरातलं झाऱ्याचं खडखडणं ऐकू आलं. मी सगळ्यांसमोर, मुलीची आई असून, ढसाढसा रडले. इतका आनंद मला फार कमी वेळा झाला आहे.

व्याही ओरडले, "क्या बात है!" आणि अख्खा भुकेलेला हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. मास्टरजी भांबावून बघत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांच्यासाठी कुणी कधी टाळी वाजवली नव्हती. चालत्या माणसासाठी कोण वाजवणार? टाळ्या संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पहुँच गए," ते म्हणाले. डोळे भरून आले होते. "बेटा, एक बार और बजाऊँ? नहीं तो रास्ता भूल जाऊँगा."

मी काही बोलायच्या आत व्याह्यांनी दाराशी उभ्या केटररला हात केला, "अजून अर्धा तास!"