बोटभर राणीचे गाल

मी हवाई दलात विमानं रंगवायचो. किती? सगळी एकदम उडाली असती तर लखनौच्या आमच्या आलमबागेत भरदुपारी दिवे लावावे लागले असते. त्यामुळे मुलीने तिच्या पटावरच्या खेळातली बोटभर उंचीची राणी रंगवायला मदत मागितली, तेव्हा मी म्हणालो, "आण इकडे. चहा निवायच्या आत देतो."

दिलीही. विमानाच्या शिस्तीने एकच भरघोस हात मारला, खालचं काही दिसता कामा नये. दिसलं नाही. राणीचं नाक आणि डोळेसुद्धा दिसेनात.

मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. "पापा, आपने तो पुताई कर दी." म्हणजे भिंतीला चुना फासावा तसं. आवाज चढला नाही, तेच वाईट. मग ती टेबलाशी एकटीच बसून रंगवू लागली. महिन्याभरात नोकरीसाठी बंगळुरूला जाणार होती. त्याआधी दोघांनी एकत्र बसायचं ते एक टेबल होतं, ते मी घालवलं.

जुन्या शहरातल्या चौक बाजारात कुर्ता घ्यायला गेलो, तिथे एक म्हाताऱ्या बाई चिकनकारीचं भरतकाम करत होत्या. टाके असे, की मुंगीला चष्मा लावूनच दिसावेत. विचारलं, हात थरथरत नाही?

"थरथराता है, भाईसाहब. इसलिए हाथ टिका देती हूँ, कपड़ा घुमाती हूँ."

घरी मुलीच्या खेळातला एक टाकाऊ सैनिक उचलला. मनगटं एकमेकांना टेकवली, कुंचला स्थिर ठेवला आणि सैनिकच फिरवला. रंग ताकासारखा पातळ केला, जास्तीचा अंगठ्याच्या नखावर टिपला. एक थर वाळला की दुसरा. प्रत्येक थर इतका फिका, की आपण काही केलं असं वाटतच नाही. एका हातात काम उरकणाऱ्याला हे फार जड जातं. मुलीलाही मी बहुधा तसंच वाढवलं. बदली झाली की एक जाड उपदेश द्यायचा आणि निघायचं. खाली काय बुजलं ते पाहिलं नाही.

आठवड्याने सैनिक तिच्यासमोर ठेवला. तिने भिंगाखाली धरला.

"ये गाल किसने किए?"

"मी. जगात असा गाल फक्त..."

"पापा."

"बरं. शिकलो थोडं."

तिने डबीतून राणी काढली. जुना रंग तिने केव्हाच टूथब्रशने घासून काढला होता.

"आँखें मैं करूँगी. गाल आप." आणि खुर्ची जरा सरकवली.

त्या संध्याकाळी चहा दोनदा निवला.