साडूंचा काळा रंग

काळ्या रंगासाठी संसार पणाला लावणारा माणूस अख्ख्या सुरतेत एकच असेल, आणि ते आमचे साडू आहेत. गेल्या धनत्रयोदशीला, मी, माझी बायको आणि मेव्हणी शेजारी उभे असताना, त्यांनी ब्याऐंशी हजार रुपये मोजून बेचाळीस इंची ओएलईडी टीव्ही घेतला. तोही बघायला नव्हे, कॉम्प्युटरला जोडायला. साडू घरी बसून साड्यांच्या छपाईची डिझाइनं करतात. धुळ्याहून इथे येऊन वीस वर्षं झाली, पण त्यांच्या मते जुन्या मॉनिटरने त्यांना खरा काळा कधी दाखवलाच नाही. दुकानदाराने मोर, समुद्र, क्रिकेट सगळं लावून पाहिलं. साडू म्हणाले, "हे राहू द्या. चालू असताना बंद दिसतो का, तेवढं दाखवा." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

घरी पडदा एवढा मोठा ठरला, की मान वळवल्याशिवाय डिझाइनमधला पदर दिसेना. खुर्ची मागे सरकत सरकत कपाटाला टेकली. आता मेव्हणीला कपाट उघडायचं तर आधी साडूंना उठावं लागतं. एकच चित्र फार वेळ राहिलं तर डाग कायमचा बसतो, असं कुणीतरी सांगितल्यापासून ते पडद्यावर गणपतीलाही टिकू देत नाहीत. चहाला उठतानाही सगळं काळं करून जातात. "अहो, लाईट गेली का?" मेव्हणी विचारते. "नाही, चालूच आहे," ते सांगतात, आणि चेहरा असा खुलतो की ब्याऐंशी हजारांचा माझा हिशेब तोंडातच राहतो.

त्यांना नेमाने काम देणारा व्यापारी एकच, एक गुजराती शेठ. त्याने पडद्यावर काळ्या जमिनीवरचे लाल बुट्टे पाहिले आणि लगेच छपाईला धाडले. माल आला तेव्हा एक साडी खांद्यावर टाकून तो थेट घरी आला. मी तिथेच होतो.

"जुओ, स्क्रीन पर काजळ, ने साडी पर राख!"

स्वस्त पॉलिस्टरवर तो काळा उतरणं शक्यच नव्हतं. साडू म्हणाले, "शेठ, पडदा खोटं बोलत नाही."

"तो शुं, मारी साडी खोटुं बोले छे? आने ठीक करो, नहितर काम बीजे जशे."

"अहो, ऐका त्यांचं," मेव्हणी दारातून म्हणाली. "काम दुसरीकडे गेलं तर पोरांच्या फीचं काय करायचं?"

साडूंनी रिमोट उचलला आणि काळा फिका करू लागले. शेठ साडी पडद्याला लावून उभा.

"हजु ओछुं."

अजून फिका.

"हजु ओछुं... बस. हवे बराबर!"

पुढच्या महिन्याचं काम देऊन शेठ खूश होऊन गेला. साडू राखाडी पडद्यासमोरच बसून होते.

मेव्हणी चहा घेऊन आली. "एकदा पहिल्यासारखं करा ना. मला ती साडी नीट बघायची आहे."

साडूंनी काळा परत आणला. जमीन खोल गेली, लाल बुट्टे वर तरंगू लागले. ती हातात कप तसाच धरून बघत राहिली.

"अशी कुठं मिळेल हो?"

"कुठंच नाही," साडू म्हणाले, आणि तिचं बघून होईपर्यंत थांबून मग हळूहळू तो काळा फिका करू लागले.