सरूबाईचा उजवा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको म्हणायची, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिला काय ठाऊक — हे एवढं एक मी तिच्यापासूनही दडवलं. तुम्हाला सांगतोय. का, ते माझं मलाही नीट कळलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळाआधीचा काळ. नगरच्या एका इस्पितळात मी सर्जन होतो. हर्निया, अपेंडिक्स, आतड्याला पडलेला पीळ — पोट उघडायचं तर याच डॉक्टरनं, असं जामखेडपासून अकोले तालुक्यापर्यंत लोक मानायचे. मीही मानायचो. आणि मग मधुकर आला.

माझ्याहून बराच लहान, मुंबईत शिकलेला. त्याला वेड एकाच गोष्टीचं — मानेतून निघून बगलेतून हातात उतरणारं नसांचं जाळं. माणूस खांद्यावर पडला, मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला गेला, की हे जाळं ओढलं जातं आणि सबंध हात लुळा पडतो. आम्ही अशा हाताचं काय करायचो? झोळीत बांधून घरी पाठवायचो. फारच लोंबायला लागला तर कापायचो. मधुकर म्हणायचा, "सर, सगळ्याच नसा तुटत नाहीत. काही नुसत्या दुखावतात, त्या पुन्हा वाढतात. आपल्यालाच धीर नसतो."

'सर' म्हणायचा मला, मनापासून. तेही मला टोचायचं.

कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ना? व्हरांड्यातले पेशंट पूर्वी मी दिसलो की उठून उभे राहायचे. आता विचारायचे, "ते हातवाले डाक्टर कुठं हायेत?" मी हसून 'आत आहेत' म्हणायचो आणि आतल्या आत जळायचो. चारचौघांत त्याला 'संशोधक महाराज' अशी हाक मारायचो. तो लाजायचा — त्याला ती थट्टाच वाटायची.

सरूबाई त्याची पेशंट. श्रीगोंद्याकडची, तिशीची. उसानं भरलेल्या बैलगाडीवरून उजव्या खांद्यावर पडलेली. खांद्यापासून बोटांपर्यंत ना हालचाल, ना स्पर्श. दर महिन्याला एसटीनं यायची. मधुकर तिच्या हातावर खालून वर टिचक्या मारत जायचा. जिथं टिचकीसरशी मुंग्या येतील तिथवर नस वाढत आली, असा त्याचा हिशोब. तिथं शाईची खूण करायचा, आणि खूण दर खेपेला थोडी खाली सरकलेली असायची. पुण्याला सर्जनांच्या सभेत तो ही केस मांडणार होता. निबंधावर माझंही नाव घालणार होता — "तुमच्यामुळेच इथं काम करता येतंय, सर." मला निबंधापेक्षा त्याच्या या मोठेपणाचा जास्त राग आला.

सरूबाई त्याला 'दादा' म्हणायची. मला 'साहेब'.

मुद्द्यावर यायला हवं — मी उगाच वेळ काढतोय.

दिवाळीनंतर मधुकर वडिलांच्या आजारपणासाठी गावी गेला. जाताना मला सांगून गेला, सरूबाई आली तर तेवढी तपासा. आणि बजावा, हाताला विस्तव लागू द्यायचा नाही. भाजलं तरी तिला कळणार नाही.

ती आली, नवऱ्याबरोबर. टेकायच्या आधीच म्हणाली, "साहेब, मुंग्या पार कोपराखाली उतरल्यात. दंड बी आतनं उडतुया. दादा कुठं हायेत? त्यास्नी सांगायचं हुतं." मी टिचकी मारून पाहिली. खरं होतं. दंडावर बोट ठेवलं, तर बेटकुळी बारीकशी थरथरली. म्हणजे मधुकर बरोबर होता. आणि मी?

तुम्ही आमच्याकडचे नसाल तर एक शब्द समजावायला हवा. अंग लुळं पडलं की आमच्याकडे म्हणतात, 'वारं गेलं'. एकदा वारं गेलं म्हटलं की ते डॉक्टरचं दुखणं राहत नाही, देवर्ष्याचं होतं. म्हणून इस्पितळात तो शब्द आम्ही तोंडातून काढत नसू. मधुकर तर प्रत्येकाला पहिलं हेच सांगायचा — वारंबिरं काही नाही, नस दुखावलीय.

मी हात पुसले आणि नवऱ्याला म्हणालो, "वारं गेलंय हातावरून. आता इथं येऊन काही उपयोग नाही."

"आमची म्हातारी पयल्यापासनं त्येच म्हनतीया," तो म्हणाला.

सरूबाई मधेच म्हणाली, "पन दादा तर म्हनलं हुतं, भाकरी थापशील."

मी पुढच्या पेशंटला हाक मारली. विस्तवाचं सांगायचं राहून गेलं — नाही, राहून गेलं नाही. मी सांगितलं नाही.

मधुकरनं परत आल्यावर विचारलं. म्हणालो, आलीच नाही. त्यानं पत्रं टाकली, उत्तर आलं नाही.

आली ती होळीच्या सुमारास, तापानं फणफणलेली. वारं परतवायला देवर्ष्यानं तापल्या विळ्यानं डाग दिले होते, पंजावर आणि मनगटावर. तिला चटका कळत नव्हता, म्हणून तो देतच गेला. पंजा सडला होता. "वारं गेल्यालं न्हवं का, साहेब," नवरा माझ्याकडे बघून म्हणाला. मधुकरला ते खेड्यातलं नेहमीचं बोलणं वाटलं. मी खाली बघितलं.

भूल द्यायच्या आधी मधुकरनं तिला कोपर वाकवायला सांगितलं. तिनं वाकवलं. तो काळानिळा पंजा हळूहळू वर आला. मग मी हात कोपराखाली कापला. मधुकर समोर उभा राहून मदत करत होता.

नंतर नळाशी हात धुताना तो रडला. म्हणाला, "नस आली होती, सर. मीच तिला नीट समजावलं नाही. चूक माझी." पुण्याला तो गेलाच नाही. वर्षाच्या आत त्यानं नगर सोडलं आणि नसांचं कामही सोडलं.

त्या नळाशी मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "होतं असं, मधुकर." मला वाईट वाटलं, पण ते नंतर. आधी हायसं वाटलं.