तोफेला टेबल मिळालं

प्रादेशिक कार्यालयात तिला तोफ म्हणत. तोंडावर नाही अर्थात, तोंडावर "या या, मॅडम." कुठे गटार तुंबलं, कुणाचा दाखला अडला, की ती चार माणसं घेऊन तिथे धडकायची. जिन्यापाशी तिचा आवाज ऐकू आला, की खालचा कारकून घाईघाईने वरच्या मजल्यावर फोन लावायचा. ती ज्या संस्थेत होती ती म्हणजे दोन खोल्या, डुगडुगत्या खुर्च्या आणि मनात आलं तर होणारा पगार. पण भांडून आली की तिला सणसणीत भूक लागायची. नवरा वाढता वाढता विचारायचा, "आज कुणाला सोलून आलीस?"

मग निधी आला. कुठल्याशा बड्या संस्थेला साक्षात्कार झाला होता, की कारभार भांडून सुधारत नाही, भागीदारीने सुधारतो. सरकारी कार्यालय आणि नागरी संस्था यांनी मिळून काम करावं, पैसे आम्ही देतो. फक्त संस्थेचं एक माणूस कार्यालयातच बसलं पाहिजे. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राध्यापक. ते इतके हरखले, की नुकताच पुसलेला चष्मा पुन्हा पुसू लागले. "आजवर आपण दाराबाहेरून ओरडलो. आता आतून बोलायचं," ते म्हणाले. आत जायला तिच्याशिवाय होतं कोण?

ती गेली, आणि हौसेने गेली. त्याला कारणही होतं. तिची थोरली बहीण टेकडीवरच्या वस्तीत राहायची. खालचा पंप म्हातारा झालेला, त्यामुळे वस्तीला पाणी चढत नव्हतं. पायथ्याच्या नळावरून कॅन भरून न्यायचे, आणि अक्काचे गुडघे तर केव्हाच कामातून गेलेले. नवा पंप आला होता, पण तो कार्यालयाच्या मागच्या आवारात ताडपत्रीखाली पडून होता. इंजिनिअरसाहेबांनी 'बसवा' म्हणायचं बाकी होतं. "मी आत गेले ना, की पहिलं काम हेच," तिने अक्काला सांगून टाकलं.

तिला टेबल मिळालं ते जिन्याखाली, झेरॉक्सच्या मशीनला खेटून. वर पाटी लागली, 'नागरिक सहभाग कक्ष'. बसल्या बसल्या तिने पाहिलं, की लोक या दारातून त्या दारात नुसते टोलवले जातात आणि तक्रार मध्येच कुठेतरी विरून जाते. तिने मोठ्या साहेबांना गाठलं. "प्रत्येक तक्रार आधी माझ्याकडे येऊ दे. तसा नियमच करा. म्हणजे एकही हरवणार नाही." कधीही एका झटक्यात हो न म्हणणारे साहेब एका झटक्यात हो म्हणाले. शहाण्या बाईला तिथेच संशय यायला हवा होता.

नियम झाला आणि वरचा मजला सुखी झाला. जो येईल त्याला एकच उत्तर, "खाली बाईंकडे जा." बाई तक्रार घेऊन वर जात. तिथे खुर्ची मिळे, चहा मिळे, आणि इंजिनिअरसाहेब आवाज खाली आणून म्हणत, "तुम्ही आता आपल्याच ना, मॅडम. समजून घ्या." पंप बसवणारी माणसं दुसऱ्या कामावर आहेत, विजेची जोडणी दुसऱ्या खात्याकडे आहे, त्या खात्याचा प्रमुख बदलून गेलाय. कारणं खरी होती, हाच तर वैताग! खोटी असती तर तिने साहेबांना फाडून खाल्लं असतं. ती खाली येऊन तीच कारणं लोकांना समजावत बसायची, आणि लोक टेबलावर हात आपटून तिलाच विचारायचे, "तुम्ही इथे बसता कशाला?" एके काळी ती हेच वाक्य वर जाऊन विचारत असे.

घरी ती ताटातलं चिवडत बसू लागली. नवऱ्याने सोलण्याचं विचारणं सोडून दिलं.

निधीवाल्यांची पाहणी झाली तेव्हा तर कहर झाला. पाहुण्या बाई वरच्या मजल्यावरून फिरल्या. इंजिनिअरच्या दाराशी चिटपाखरू नव्हतं. "केवढा बदल!" त्या म्हणाल्या. "पूर्वी इथे किती गर्दी असायची!" अध्यक्ष लाजले. हीच पद्धत आता बाकीच्या कार्यालयांतही न्यायची, त्यासाठी आणखी निधी द्यायचा, असं जागच्या जागी ठरलं. तिने मध्ये तोंड घातलं, "पण तो पंप अजून आवारातच पडलाय." पाहुण्या बाईंनी मायेने मान हलवली. "तो स्थानिक पातळीवरचा मुद्दा झाला. आपण पद्धतीबद्दल बोलतोय." तिला ती ताडपत्री ओढून आणून त्यांच्या पायांशी टाकावीशी वाटली. पण ती भागीदार होती.

त्यानंतर एक दिवस अक्काच आली. रांगेत उभी राहिली, नंबर आल्यावर पुढे झाली.

"अगं अक्का, तू कशाला आलीस? पुढच्या आठवड्यात बघते म्हटलं ना मी."

"मागच्या वेळीही हेच म्हणालीस." अक्काने गुडघा दाबला. "तू बाहेर होतीस तेव्हाच बरी होतीस बाई. निदान आपण दोघी एका बाजूला तरी असायचो."

अक्का चिडली असती तर परवडलं असतं. ती थकून बोलली होती. ते शब्द धाकटीच्या जिव्हारी लागले. तिने दुसऱ्याच दिवशी रजा टाकली, अक्काला हाताला धरून पायरी पायरी जिना चढवला आणि इंजिनिअरसाहेबांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. साहेब आत होते. फोनवर हसताना ऐकू येत होते. शिपाईमामा स्टुलावरून उठले.

"काय काम?"

"मामा, ओळखत नाही का मला? वरच्या वस्तीच्या पाण्याचं आहे. साहेबांना भेटायचंय."

"ओळखतो की. पण तक्रार आधी खाली कक्षात द्यावी लागते."

"अहो, कक्षात मीच असते!"

"मग द्या ना."

"मी आज रजेवर आहे."

मामांनी क्षणभर विचार केला. "मग उद्या या," ते म्हणाले.

टोमणा नव्हता तो. मामा नियम सांगत होते, आणि तो नियम तिनेच मागून घेतला होता. ओरडायला तिने तोंड उघडलं, पण कुणावर ओरडावं तेच तिला कळेना. अक्काने तिच्याकडे एकदा पाहिलं, कठड्याला धरलं आणि एकटीच जिना उतरू लागली.