जोडवी उतरवली तो दिवस

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. पाळी जाऊन बारा वर्षं झाल्यावर आईला पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागलं. "उष्णता वाढली" म्हणत तिने सात महिने सब्जा पिऊन काढले. अमळनेरजवळच्या आमच्या गावात कुणाला पत्ता लागू दिला नाही. मला कळलं तेव्हा मी कडाडून भांडले आणि तिला जळगावजवळ पिंप्राळ्याला माझ्या घरी आणलं.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासला. योनीमार्गाचा कॅन्सर. तिथेही कॅन्सर होतो हेच मला ठाऊक नव्हतं. गाठ पुढे मूत्राशयात किंवा मागे गुदाशयात शिरली आहे का, हे हाताने नक्की कळेना. शिरली नसेल तर रेडिएशनचे शेक देऊन बरी होण्याची चांगली आशा होती. ते नीट दाखवणारं एमआरआय आमच्याकडे नव्हतं, म्हणून मी, आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, मुंबईला गेलो.

"आत मोठं चुंबक आहे, अंगावरचा सगळा धातू काढा," तिथला तंत्रज्ञ म्हणाला. आईने मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं.

"नवरा जित्ता शे. मी नही काढस."

मी समजावलं, ओरडले, शेवटी रडकुंडीला आले. तंत्रज्ञ पुढच्या पेशंटला हाक मारणार, एवढ्यात आबा उठले. चारचौघांत आईशी धड बोलतसुद्धा नसत. त्यांनी पिशवीतून पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं हळकुंड काढलं, आईच्या गळ्यात बांधलं आणि मग मंगळसूत्र उतरवलं. डॉक्टरीणबाईंना त्यांनी आधीच सगळं विचारून ठेवलं होतं म्हणे! जोडवी मात्र निघेनात. आबा फरशीवर बसले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि साबण लावून एकेक सोडवलं.

"लोके देखी राह्यनात," आई पुटपुटली.

"देखू दे."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मूत्राशय मोकळं, गुदाशय मोकळं, गाठ जागच्या जागी. मी तिथेच मोठ्याने रडले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

शेकांनी आईचे हाल झाले, पण गाठ गेली आणि ती गावी परतली. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी दबक्या आवाजात विचारलं, काय झालं होतं? आईने आजार कुठे झाला होता ते सरळ सांगितलं. बायका माना खाली घालून बसल्या.

आठवड्याभराने माझ्या दाराशी आई उभी, मागे पदर सावरत गावातल्या दोघी.

"यास्ले तपासनं शे," ती म्हणाली. "मन्हाकडे नको देखू, मी बरी शे."