पिवळा चौकोन

आमच्याकडे तान्ह्या बाळाला नवं कोरं काही घालत नाहीत. जिथं पोरं जगली, वाढली, त्या घरातलं जुनं अंगडं मागून आणायचं. माझी पहिली मुलगी तिसऱ्या महिन्यात गेली. तिच्यासाठी मी हौसेनं नवी लोकर आणून पिवळं टोपडं विणलं होतं. त्यामुळे दुसऱ्या खेपेला दिवस गेले, तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, सगळा कारभार हातात घेतला.

पिंपरीत तेव्हा कारखाना नवा होता आणि आम्ही साताऱ्याकडून येऊन दोन खोल्यांत राहत होतो. आत्याबाई चिंचवडपासून निर्वासितांच्या कॅम्पापर्यंत हिंडून पोरांचे आखूड झालेले स्वेटर मागून आणायच्या. मला भीक मागितल्यासारखं वाटायचं, चीड यायची. पण एकदा हात पोळले होते, म्हणून गप्प बसायचे.

स्वेटर उसवायचे, लोकर धुवायची, गुंडे करायचे. कॅम्पातल्या एका सिंधी बाईनं क्रोशाची सुई हातात दिली आणि चौकोन शिकवला. मध्ये साखळीचं कडं, भोवती तीन-तीन खांब, म्हणजे उभे टाके, कोपऱ्यावर वळायचं, अशा चार फेऱ्या. बाळाच्या पांघरुणाला सात ओळी, सात-सात चौकोनांच्या. लाल, निळे, करडे, हिरवे. पिवळी लोकर पिशवीत नव्हतीच.

पौषातल्या दुपारी, कारखान्याचा भोंगा होऊन गेल्यावर, मी चौकोन ओट्यावर मांडले. माझ्या हिशेबानं शेवटचा एक विणायचा राहिला होता. मांडले तर एकोणपन्नास भरले. जास्तीचा पिवळा होता.

आत्याबाईंनी तो उन्हात धरला. "ह्यो कुणी इणला?"

"मी नाही."

"उलटा हाय."

खरंच होता. माझे चौकोन एका अंगानं फिरत गेलेले, हा दुसऱ्या. टाके माझ्यापेक्षा सुबक. डावखुऱ्या हाताचे. लहानपणी मी डावखुरी होते. वडिलांनी वर्षभर तो हात फडक्यानं पाठीशी बांधला, तेव्हा कुठं उजवा चालायला लागला. सासरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी ट्रंक उघडली. तळाशी, लुगड्याच्या घडीत, मुलीचं टोपडं मी लपवलं होतं. सगळ्यांना सांगितलं होतं की पवना नदीत सोडलं. आता त्याचे गळ्याशी बांधायचे दोन बंद तेवढे उरले होते.

कधी उसवलं, कधी विणलं, मला आठवेना. आजही आठवत नाही. दुपारी डोळा लागायचा, एवढंच. मी सुई डाव्या हातात धरून पाहिली. हात आपला आपण चालू लागला. मला त्या हाताची फार भीती वाटली.

आत्याबाईंनी सुई काढून घेतली. आता चौकोन चुलीत जाणार, याची मला खात्री होती. मीच म्हणाले, "उसवते. नदीत सोडते. हेही लेकरू गेलं तर मी जगणार नाही."

त्यांनी चौकोनावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "धा घरं पालथी घातली म्या, आन् ही पोर हितंच बसलीया. भाईर काढली तर कुठं जाईल ती?"

आणि पिवळा चौकोन त्यांनी मधोमध ठेवला.

मुलगा झाला. जगला. त्याच पांघरुणावर मी त्याला रोज मध्ये निजवायचे आणि कामाला लागायचे. येऊन पाहावं तर तो कडेला सरकलेला असायचा, पिवळ्या चौकोनावर एका बाळाची जागा सोडून, तिकडं बघत हसत. तेव्हा तो कुशीवरही वळत नव्हता.

सुरुवातीला मी त्याला उचलून परत मध्ये ठेवायचे. मग ठेवणं सोडलं.