फ्लेक्सवरचे दत्तूमामा

“मॅडम, दुकानापुढं पंधरा-सोळा लोकं बसून राह्यले. कपडे शिवायला न्हाई, कपाशीचं बियाणं इचारायला आले.”

फोनवर परतूरचे दत्तूमामा होते. धंद्याने टेलर. पण पेरणीच्या तोंडावर, त्या आठवड्यात परतूर, मंठा आणि घनसावंगीच्या बसस्टँडवर ते भल्यामोठ्या फ्लेक्सवर शेतकरी म्हणून उभे होते. आणि त्यांना तिथे मी उभं केलं होतं.

मी जालन्यातल्या एका छोट्या अ‍ॅड एजन्सीत कॉपीरायटर आहे. म्हणजे जाहिरातीतली वाक्यं लिहिते. एका बियाणे कंपनीच्या नव्या कपाशीसाठी आम्हाला ‘टेस्टिमोनियल’ करायचं होतं. ज्याने माल वापरला तोच माणूस समोर येऊन ‘मला गुण आला’ असं सांगतो, ती जाहिरात. शूट दिवाळीनंतर, कापूस फुटल्यावर होतं. ठरलेला शेतकरी ऐनवेळी आलाच नाही. परतूरला स्टँडसमोर मशीनवर बसलेले मामा दिसले. भरदार पांढऱ्या मिशा, उन्हाने रापलेला चेहरा. आम्ही त्यांना फेटा बांधला आणि कंपनीच्या कपाशीच्या प्लॉटमध्ये नेऊन उभं केलं. खाली मी ओळ टाकली: ‘माझा कापूस बघा, मग बोला.’ कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, ‘फक्त भारी जमिनीसाठी’.

फोन ठेवला तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उडाले. आजवर माझी एकही ओळ कुणाच्या तोंडी बसली नव्हती. आमचे बॉस काबरा सर तर टाळ्या वाजवायला लागले. लोक जाहिरात लक्षात ठेवतात, त्याला आमच्यात ‘रिकॉल’ म्हणतात, आणि असा रिकॉल त्यांनी उभ्या करिअरमध्ये पाहिला नव्हता. ताबडतोब जा आणि व्हिडिओ काढून आण, म्हणाले. मी मिळेल ती एसटी पकडली.

दुकानापुढे खरंच जत्रा होती. कुणी मूठभर माती रुमालात बांधून आणली होती, कुणी मोबाइलमध्ये रानाचे फोटो. एकाने मामांना बघताच ‘माझा कापूस बघा’ म्हटलं, आणि मागच्यांनी एका सुरात ‘मंग बोला’ म्हणून ओळ पुरी केली. माझ्या अंगावर काटा आला. मी व्हिडिओ सुरू केला.

मामा माती चिमटीत घेऊन चोळत होते. दोन ओळींत किती अंतर ठेवायचं, पहिलं पाणी कधी द्यायचं, सगळं सांगत होते. अगदी ठामपणे. मी त्यांना आत बोलावलं आणि विचारलं, हे तुम्हाला कुठून कळलं?

“कळत न्हाई हो काहीच,” ते म्हणाले. “पण लोकं इतक्या आदरानं इचारून राह्यले. दोन दिवस झाले, मलाबी वाटाया लागलं की आपल्याला कळतं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मंठ्याकडचा एक जण आल्ता. रान मुरमाड हाये, येईल का म्हणाला. मी म्हणालो, बिलकुल येईल.”

मी व्हिडिओ बंद केला. मुरमाड म्हणजे हलकी जमीन. पाणी धरत नाही. त्या जमिनीत या कपाशीची पाती-फुलं गळतात, हे मला कंपनीनेच सांगितलं होतं. म्हणून तर ती बारीक अक्षरं होती.

तिथूनच कंपनीच्या मार्केटिंग मॅनेजरना फोन लावला. त्यांचं नाव देशमुख. आपला शेतकरी शेतकरी नाही हे आपणच जाहीर करायचं, हे त्यांना काही पटेना. मी म्हणाले, मुरमाड रानातला कापूस गेला की तो माणूस ती झाडं उपटून दुकानदाराच्या काउंटरवर आणून टाकेल, आणि पुढच्या वर्षी कुणी तुमचा माल ठेवणार नाही. शेवटी ते म्हणाले, भोंगा लावलेली एक रिक्षा, दोन दिवस, परतूर आणि मंठा.

रिक्षासाठी मी स्क्रिप्ट लिहिली. मामांनी ती बाजूला ठेवली आणि माझ्या मोबाइलमध्ये स्वतःच बोलले: “मी दत्तू टेलर. फ्लेक्सवर मीच हाये. मला रान न्हाई. मी लोकांना चुकीचं सांगितलं. हे बियाणं भारी जमिनीचं हाये. मुरमाडात लावू नका.” एकाच दमात. मी एक शब्द बदलला नाही.

रिक्षा फिरू लागली, आणि दुसऱ्या दिवशी मंठ्याच्या बियाणे दुकानदाराचा फोन आला. भारी जमिनीच्या गावांतून लोक त्याच बियाण्यासाठी रांग लावून उभे होते. माझा विश्वास बसेना. मी मामांना घेऊन निघाले. दुकानात नेमका तो मुरमाड रानाचा माणूस भेटला, मामांनीच ओळखला. दोन पाकिटं त्याच्या हातात होती. मी विचारलं, रिक्षावरचं ऐकलं नाही का?

“ऐकलं की,” तो म्हणाला. “जो माणूस चारचौघांत सोताची चूक कबूल करतो, त्याचं बियाणं खोटं कसं निघंल?”

मी त्याला जमीन समजावली, पाणी समजावलं, पाकिटावरची अक्षरं वाचून दाखवली. तो मान डोलवत होता आणि पाकिटं काही सोडत नव्हता. शेवटी मामा पुढे झाले. पाकिटं त्याच्या हातातून काढून काउंटरवर ठेवली आणि दुकानदाराला म्हणाले, याला हलक्या जमिनीचं द्या. तो माणूस लगेच ‘बराबर’ म्हणाला. दोन सेकंदही विचार केला नाही.

दुकानदाराने पाकिटं बदलून दिली. त्या हंगामात कंपनीची विक्री वाढली, आणि काबरा सरांनी पुढच्या वर्षीसाठी मामांचं नाव लिहून ठेवलं, टेलर म्हणूनच. मामांनी मात्र साफ नकार दिला.

आता कुणाला जाहिरातीत शेतकरी म्हणून उभं करायचं असेल, तर मी आधी त्याचा सातबारा मागते. मॉडेल चिडतात. चिडू देत.